व्हिजिटर व्हिसावरचं अमेरिकन बँक खातं: उघडतं तिकडे, निस्तरावं लागतं सांगलीत

वर्षाआड तीन आठवडे लेकीकडे जाऊन येणाऱ्यांनी या खात्याच्या नादी लागू नये. त्यांना फॉरेक्स कार्ड पुरतं. पण दरवर्षी चार-पाच महिने तिकडे मुक्काम ठोकणाऱ्या आई-वडिलांना स्वतःचं चेकिंग खातं (रोजच्या देण्याघेण्याचं खातं) खरंच उपयोगी पडतं. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून पोराला फोन लावायची वेळ येत नाही.

सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथल्या सरकारचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय खातं मिळत नाही, हा गैरसमज आहे. परदेशी माणसाला तिथल्या नियमाने पासपोर्ट नंबर चालतो. ऑनलाईन अर्ज मात्र बहुधा सोशल सिक्युरिटीच्याच रकान्यापाशी अडतो, म्हणून अपॉइंटमेंट घेऊन शाखेतच जावं. एकाच बँकेची एक शाखा हो म्हणते आणि चार मैलांवरची दुसरी नाही म्हणते. तेव्हा आधी फोनवर विचारून घ्या. सोबत पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रिंट, आणखी एक ओळखपत्र, मुलाच्या घरचा पत्ता आणि सांगलीच्या पत्त्याचा इंग्रजीतला पुरावा असावा. मराठीतलं लाईट बिल तिथे कुणाला वाचता येत नाही. बँकेचं इंग्रजी स्टेटमेंट न्या.

खरी मेख नावात असते. आपल्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र छापलेलं असतं. तिकडचा कर्मचारी त्यातलं दुसरं नाव मिडल नेम समजतो, कधी नुसतं आद्याक्षर ठेवतो, कधी सरळ गाळतो. मग इकडून पैसे पाठवताना फॉर्मवर पूर्ण नाव जातं, तिकडे अर्धंच असतं, आणि पैसे मधेच लटकतात. सही करण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा.

त्याच बैठकीत डब्ल्यू-८ बेन फॉर्म, म्हणजे आपण अमेरिकेचे करदाते नसल्याचं लेखी निवेदन, भरून द्यावा. तो दिला की ठेवीच्या व्याजावर अमेरिकेत कर लागत नाही. तो नसेल तर व्याजातून २४ टक्के कापले जाऊ शकतात. सहीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालतो, नंतर नवा द्यावा लागतो. व्याजावरचा भारतातला कर मात्र सुटत नाही. किमान शिल्लक किती आणि ती घसरली तर महिन्याची फी किती, हेही तिथेच विचारा. आणि मोबाईल नंबर! बऱ्याच बँकांचा ओटीपी अमेरिकन नंबरवरच जातो. मुलाचा नंबर दिला, तर सांगलीत बसून लॉगिन करायला त्याला रात्री उठवावं लागतं.

आता इकडची बाजू, जिथे बहुतेकांची गाडी अडते. सांगलीकरांच्या ठेवी बऱ्याचदा सहकारी बँकेत नाहीतर पतसंस्थेत असतात. पतसंस्थेतून डॉलर पाठवता येत नाहीत आणि सगळ्याच सहकारी बँकांकडेही तो परवाना नसतो. परकीय चलनाचं काम करणाऱ्या बँकेत पैसे आणून परदेशी पैसे पाठवण्याचा ए२ फॉर्म भरायचा, पॅन द्यायचा, आणि हेतू म्हणून परदेशी बँकेत खातं उघडण्याचा एस००२३ कोड टाकायचा. युरोपासारखा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) अमेरिकेत नसतो. खाते क्रमांक, स्विफ्ट कोड (बँकेचा आंतरराष्ट्रीय कोड) आणि वायरचा, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवण्याचा, नऊ आकडी राउटिंग नंबर (तिथल्या बँकेचा क्रमांक) लागतो. चेकवर छापलेला राउटिंग नंबर पुष्कळदा वायरचा नसतो, त्यामुळे तो डोळे झाकून उतरवू नका.

परदेशी पैसे पाठवण्याची मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे, ती कुणाला आडवी येत नाही. आडवा येतो टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक आगाऊ वसूल करते तो कर: वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के. रिटर्नमध्ये तो वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. फी ठळक दिसते म्हणून लोक तिच्यावर घासाघीस करतात आणि दराकडे बघत नाहीत. डॉलरमागे दीड रुपया जास्त लावला, तर ५,००० डॉलरला ७,५०० रुपये गेले. शिवाय न खर्चलेली, न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांत परत आणायची असते, म्हणून मुक्कामापुरतंच पाठवा.

सगळ्यात मोठा खड्डा रिटर्नचा. पेन्शनर मंडळी वर्षानुवर्षं आयटीआर-१ भरतात. परदेशात खातं असलं की तो चालत नाही. आयटीआर-२ घेऊन त्यातलं शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं, उत्पन्न करपात्र नसलं तरी. त्यात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातली सर्वाधिक शिल्लक लिहायची असते, एप्रिल-मार्चची नव्हे. काळा पैसा कायद्यात लपवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून जमीन-घर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, पण दाखवायचं बंधन कायम आहे. ‘पोराच्याच खात्यात आमचं नाव घातलंय’ हीसुद्धा पळवाट नाही. सहीचा अधिकार असलेलं खातंही तिथे दाखवायचं असतं.

दोन-तीन वर्षं जाणं होणार नसेल तर खातं तसंच ठेवू नका. हालचाल नसली की ते निष्क्रिय होतं आणि काही वर्षांनी शिल्लक तिथल्या राज्य सरकारकडे जमा होते. बंद करणार असाल तर विमानात बसण्याआधी शाखेत जाऊन करा आणि बंद झाल्याचं पत्र घेऊन या. मधेच बंद केलं तरी त्या वर्षाच्या शेड्यूल एफएमध्ये ते लिहावं लागतंच.