पॅड, पॅन्ट की टेपवालं डायपर: लघवी निसटत असेल तर काय घालायचं

खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की थेंब निसटतो, किंवा बाथरूमच्या दारापर्यंत पोचेस्तोवर धीर धरवत नाही, आणि आता काहीतरी घालायलाच लागणार असं वाटायला लागलंय पण मन तयार होत नाहीये, अशांसाठी हे लिहितेय. आमच्या घरात याची दोन गिऱ्हाईकं आहेत. एक मी (दोन बाळंतपणं, वाढलेलं वजन, त्यात पाळी गेल्यावर आणखी सैलपणा) आणि दुसरे आमचे हे, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचे. त्यामुळे मेडिकलात मिळतं ते बहुतेक सगळं घरात येऊन गेलंय.

घालायला लागलो म्हणजे उपचार सोडले असं मात्र नाही हं. त्रास अचानक सुरू झाला असेल, जळजळ, ताप, लघवीत रक्त किंवा पायात एकदम अशक्तपणा असं काही असेल तर आधी डॉक्टर. इन्फेक्शन, वाढलेली शुगर, बद्धकोष्ठ, बीपीची लघवी वाढवणारी गोळी, यातलं काहीही कारण असू शकतं आणि ते सुटलं की बऱ्याचदा निसटणंही कमी होतं. ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे केगेलचे व्यायामसुद्धा निदान तीन महिने रोज नेमाने करायला लागतात, तेही शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून. तोवर घालायचं ते घालावं.

आता पहिला पर्याय म्हणजे काहीच न घालणं. हसू नका, बहुतेक बायका वर्षानुवर्षं हाच वापरतात, फक्त त्याचा हिशोब कोणी मांडत नाही. एसटीने जायचं म्हणून सकाळपासून पाणी नाही, लग्नात दाराजवळची खुर्ची, गडद रंगाचाच ड्रेस, पर्समध्ये जादाची निकर आणि मग हळूहळू नाहीच जायचं लग्नाला, कोण ते टेन्शन घेणार. पाणी तोडल्याने होतं काय, तर लघवी घट्ट होते, मूत्राशयाला जास्त चुरचुरते आणि घाई उलट वाढते. वर पोट साफ होत नाही, आणि भरलेलं आतडं परत मूत्राशयालाच दाबतं. रात्री अंधारात धावत जाऊन ओल्या फरशीवर पाय घसरला तर खुब्याचं हाड, ते तर वेगळंच. मला विचाराल तर सगळ्यात महाग पर्याय हाच आहे.

ह्यांनी बरेच दिवस घडी केलेला पंचा लावून काढले. पंचा ओला झाला की पँट ओली, आणि चालताना तो सरकतो. शेवटी कुठेतरी वाचलं की अंतराळवीर यानाबाहेर काम करताना डायपरच घालतात, तेव्हा स्वारी म्हणाली मग मला काय धाड भरलीये. ज्याला ज्या कारणाने पटेल ते पटो.

थेंबांचा त्रास असेल तर पॅड पुरतं. पण पाळीचं पॅड नको, लघवीसाठीचं वेगळं मिळतं तेच घ्या. घरात असतं, मागायला लाज वाटत नाही, म्हणून सगळ्या आधी पाळीचंच वापरतात. पण ते हळूहळू येणाऱ्या रक्तासाठी बनवलेलं असतं. लघवी एकदम जोरात येते, ती त्याला तेवढ्या वेगाने ओढून घेता येत नाही, मग वरचा थर ओला राहतो, मांड्यांना लागतो आणि वासही लवकर येतो. लघवीच्या पॅडमध्ये पाणी शोषून जेल होणारी पावडर जास्त असते, त्यामुळे दाब पडला तरी ओल वर फारशी येत नाही. पुरुषांसाठी पुढून खोलगट असे गार्ड असतात, ते नेहमीच्या घट्ट अंडरवेअरला आतून चिकटवायचे (ढगळ चड्डीत उपयोग शून्य). आमच्या भागात दुकानात सहज मिळत नाहीत, ऑनलाइन मागवतो. आपलं भागतंय का हे ओळखायची साधी खूण म्हणजे दोनतीन तासांनी पॅड बदलताना निकर कोरडी आहे का. असेल तर उगाच मोठं काही घेऊ नका.

निकरही ओली होत असेल, म्हणजे थेंब नाही तर धारच सुटत असेल, तर मग पॅन्टवालं की टेपवालं हा खरा प्रश्न. फ्रेंड्स, लायफ्री, डिग्निटी वगैरे कंपन्यांची मिळतात. लोक सरळ सांगतात की चालताफिरता माणूस तर पॅन्ट, अंथरुणावरचा तर टेप. बऱ्याच अंशी बरोबर आहे पण तेवढ्यावर ठरवू नका.

पॅन्ट निकरसारखी चढवायची, बाथरूमला गेलं की खाली करायची, परत वर. ज्याला घाई होते पण कधीकधी वेळेत पोचतो, त्याला हीच बरी, कारण प्रत्येक वेळी टेप सोडत बसलात तर तेवढ्यातच होऊन जायचं. ड्रेसखाली, साडीखाली दिसत नाही, आवाजही नाही. आणि मन राजी होण्यात याचा मोठा वाटा आहे, निकर घालतोय असंच वाटतं. तोटा कळतो तो बाहेर बदलायची वेळ आली की. ओली पॅन्ट काढायला कडेची शिवण फाडता येते, ते सोपं आहे, पण नवी चढवायला सलवार, चपला सगळं काढायला लागतं, आणि एसटी स्टँडच्या बाथरूममध्ये ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहून हे करणं म्हणजे कसरत आहे. गुडघे दुखणाऱ्याने तर करूच नये.

टेपवालं तिथे बरं पडतं. कपडे गुडघ्यापर्यंत खाली केले की उभ्यानेच मागून पुढे घेऊन, भिंतीला पाठ टेकून बसवता येतं, थोडा सराव लागतो एवढंच. ते साधारण जास्त धरतं, आणि कंबरेला पोटाला हवं तसं घट्टसैल करता येतं, त्यामुळे पोट मोठं आणि मांड्या बारीक अशा माणसाला पॅन्ट मांडीशी गळते तिथे टेपवालं गळत नाही. खालचे दोन टेप जरा वरच्या दिशेला लावायचे, म्हणजे मांडीभोवती बसतं, आणि वरचे दोन किंचित खाली. घालायच्या आधी उभी घडी घालून होडीसारखं करायचं म्हणजे आतल्या झालरी उभ्या राहतात, आणि घातल्यावर मांडीच्या कडेने बोट फिरवून झालर दुमडलेली नाही ना ते बघायचं. निम्मी गळती या झालरीमुळेच असते, आणि माणूस कंपनीला शिव्या घालत बसतो. पुरुषांनी आणखी एक, सांगायला कोणी येत नाही म्हणून सांगते, लिंग खाली वळवून ठेवायचं, नाहीतर कितीही भारी डायपर असलं तरी पुढून कंबरपट्टीतून अंथरुणात.

आमचं म्हणाल तर दिवसा मी पॅड, लांबच्या प्रवासाला पॅन्ट. ह्यांना सुरुवातीला कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर दिवसा पॅन्ट आणि रात्री टेप होतं, आता गार्डवर आलेत. प्रोस्टेट काढल्यावर पहिले आठवडे सगळ्यात वाईट असतात, नंतर बहुतेकांचं काही महिने ते वर्षभरात बरंच आटोक्यात येतं, तेव्हा एकदम मोठा स्टॉक भरू नका.

रात्रीसाठी काही जण डायपरच्या आत आणखी एक पॅड ठेवतात. चालतं, पण ज्याला मागून प्लॅस्टिक नाही असंच पॅड हवं, नाहीतर पॅड भरलं की वरचं पाणी खालच्या डायपरात उतरतच नाही, कडेने बाहेर येतं. मला विचाराल तर त्यापेक्षा गादीवर अंडरपॅड टाकावं, किंवा आपलं जुनं मेणकापड आणि वर सुती चादर.

धुऊन वापरायच्या कापडी पॅडवाल्या निकर थेंबांसाठी छान आहेत, खर्च एकदाच. धारेसाठी नाही. आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्या जाड पट्ट्या वाळता वाळत नाहीत, अर्धवट ओल्या घातल्या की जांघेत बुरशी. कंफर्ट वगैरे कपडे मऊ करणारं काही घालून धुऊ नका, शोषणं कमी होतं.

पाकिटावरच्या मिलीच्या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा बहुतेकदा लॅबमध्ये अख्खं डायपर पाण्यात बुडवून, निथळू देऊन, वजन करून काढलेला असतो. बसलेल्या माणसाच्या वजनाखाली ते त्यापेक्षा बरंच कमी धरतं. माप घेताना कंबर आणि सीट दोन्ही मोजा आणि जे मोठं ते धरा. मोठ्या साइझचं जास्त धरेल म्हणून ढगळ घेतलं तर मांडीशी फटी राहतात.

पैशाचं बोलायचं तर पॅन्ट किंवा टेप साधारण तीस ते साठ रुपयांना एक. चाळीस धरून दिवसाला दोन म्हटलं तरी महिन्याला २४०० रुपये, तीन म्हटलं तर ३६००. म्हणून काही घरांत भरेपर्यंत बदलत नाहीत, आणि मग कातडी लाल होते, सोलवटते, अंथरुणावरच्या माणसाला जखमा होतात. शौचाला झालं असेल तर मिनिटभरही ठेवायचं नाही. कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसून, टिपून कोरडं करायचं, झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ लावायचं, थापायचं नाही, नाहीतर तेच डायपरला लागून शोषणं थांबतं. पावडर अजिबात नको, घडीत गोळे होतात.

वापरलेलं गुंडाळून वर्तमानपत्रात बांधून वेगळं द्यायचं. पुण्यात कचरावेचकांसाठी अशा पुड्यांवर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, ती कुठल्याही गावात पाळायला हरकत नाही. कमोडमध्ये टाकलंत तर जेल फुगून पाइप तुंबणार.

आणि पहिल्यांदाच घेत असाल तर अख्खं पाकीट नको, काही मेडिकलवाले सुटे देतात, दोन प्रकारचे दोनदोन आणा, सुट्टीच्या दिवशी घरातच घाला, चहा प्या, जिना चढा, मांडी घालून खाली बसा, कुशीवर झोपा. कुशीवर झोपल्यावर गळलं तर रात्रीसाठी ते बाद, दिवसाला चालेल.