२१ डॉलर वाचवायला गेलो

टेक्सासात जुनी हार्ली मोटरसायकल बाळगणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी लांबवलेल्या सॅडलबॅगा, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या, घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे पाठवण्याआधी माझी कथा वाचा.

माझी हार्ली म्हणजे २०१२ची रोड किंग, सेकंडहँड. मागचं मडगार्ड आणि बॅगा लांबवून गाडी जमिनीला टेकल्यासारखी करायची, हे खूळ इथं जोरात आहे. मलाही ते लागलं. दोन-तीन ठिकाणचे भाव ऐकून गप्प बसलो होतो. मग एकाकडे जोडी दिसली. चार इंच लांब, हातानं घडवलेलं फायबर, झाकणं-कड्यांसकट ४२० डॉलर. खाली लिहिलेलं, ‘सर्व टूरिंग गाड्यांना बसते.’ टूरिंग म्हणजे हार्लीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, माझी त्यातलीच.

इथंच मी थांबायला हवं होतं. हार्लीनं २०१४ साली टूरिंग गाड्यांच्या बॅगांची झाकणं आणि कड्या बदलल्या. एका हातानं उघडणारी कडी तेव्हाची. आधीच्या गाडीचं झाकण नंतरच्या बॅगेला चालत नाही. शिवाय सायलेन्सर एका बाजूला की दोन्ही, यावर तळाची खाच ठरते. सर्वांना बसणारी बॅग कुठून येणार?

विक्रेता फोनवर एकदम गोड. पेपालवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’नं पाठवलेत तर पाच टक्के सोडतो म्हणाला. म्हणजे २१ डॉलर. असे पैसे घरच्या माणसाला दिल्यासारखे धरतात, खरेदीचं संरक्षण त्यांना मिळत नाही. मला हे माहीत होतं, हीच तर लाजेची गोष्ट. तरी पाठवले.

पाच आठवड्यांनी खोका आला. काळा प्रायमर मारलेला माल, दिसायला झकास. गाडीला लावून न बघताच मी तो पेंटरकडे टाकला. तासाभरात त्याचा फोन, “येऊन बघ.” पॉलिश पेपर फिरवल्यावर प्रायमरखालून सुईच्या टोकाएवढी भोकं निघाली होती, मोजता येणार नाहीत इतकी. त्यानं बॅगेत टॉर्च धरला तर कोपऱ्यातून उजेड बाहेर. अंगठ्यानं दाबलं की कोपरा ‘टक्’ करून आत जायचा. मग गाडीला लावून पाहिलं. डाव्या बॅगेला खाचच नाही, ती सरळ सायलेन्सरवर टेकली. कड्या २०१४ नंतरच्या.

विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं : घासलेला माल परत घेत नाही. पावतीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ते छापलेलंही होतं. त्यानंतर फोन उचललाच नाही. क्रेडिट कार्डानं दिले असते तर बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. एफटीसीकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, तक्रार नोंदवली आहे, पण ते काही एकेकाचे पैसे वसूल करून देत नाहीत.

घ्यायच्याच असतील तर गाडीचं साल सांगून तळाचा आणि आतून टॉर्च लावलेला फोटो मागा; टाळाटाळ झाली की फोन ठेवा. आल्या की आधी गाडीला लावा, पॉलिश पेपर नंतर.

पेंटरनं घासण्याचे १५० डॉलर लावले. त्याचे मात्र मी तिथल्या तिथे दिले. त्यानं काम चोख केलं होतं.