कनेक्टेड कार, नऊ महिन्यांनी: एसीची सोय आवडली, पण माझ्या गाडीचा पत्ता दुसऱ्याच्या फोनवर होता

फेब्रुवारीअखेर दीड वर्ष वापरलेली ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली. कोथरूड ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, महिन्यातून एखादी कोकणवारी. मायलेज, सर्व्हिस यांवर बरेच जण लिहितात. मी फक्त फोनला जोडलेल्या फीचर्सबद्दल लिहितेय.

गाडी फोनवरून बघायचं-चालवायचं कंपनीचं ॲप पहिले दोन महिने वापरलंच नाही. एप्रिलअखेर रजिस्टर करायला गेले तर स्क्रीनवर आलं, ‘ही गाडी दुसऱ्या खात्याशी जोडलेली आहे.’ विक्रीच्या कागदांवर आधीच्या मालकांचा नंबर होता, तो फिरवला. भला माणूस. ॲप फोनमध्ये तसंच पडून राहिलं होतं म्हणाले. मी फोनवर असतानाच उघडून बघितलं आणि क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘ताई, गाडी आत्ता हिंजवडी फेज दोनला उभी दिसतेय.’ मी ऑफिसच्या खिडकीत उभी होते, खाली पार्किंगमध्ये गाडी दिसत होती.

दोन महिन्यांची प्रत्येक फेरी तिथे होती. चांदणी चौकातून रोज किती वाजता जाते, रात्री गाडी कुठे उभी असते, सगळं. दार उघडायचं बटणसुद्धा. त्यांनी लगेच खातं काढून टाकलं, मनापासून माफी मागितली. चूक त्यांची नव्हतीच. आरटीओत आरसी माझ्या नावावर झाली होती, विमा झाला होता, डीलरने गाडीची स्क्रीन रीसेटही करून दिली होती. पण त्या रीसेटने गाडीत साठलेले कॉन्टॅक्ट्स जातात, कंपनीच्या सर्व्हरवरचं खातं तसंच राहतं. हे मला कोणीच सांगितलं नाही. आरसी आणि ओळखपत्र पाठवून खातं माझ्या नावावर व्हायला अकरा दिवस लागले. सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवून खातं काढायला लावा. विकत असाल तर स्वतःहून काढा.

त्यानंतर मात्र सोयीचा खरा उपयोग झाला. बाबा ७४ वर्षांचे, मे महिन्यात दुपारी फिजिओथेरपीला न्यायचं. सोसायटीत झाकलेलं पार्किंग नाही. लिफ्टची वाट बघतानाच फोनवरून गाडीचा एसी चालू करायचा, खाली येईपर्यंत सीटला हात लावता येतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे फीचर ठेवलंय.

बाकीच्यांत निवड केली. ड्रायव्हिंग स्कोअर बंद. जोरात ब्रेक किती वेळा मारला याची नोंद कुणाकडे कशाला? अमेरिकेत जनरल मोटर्सने अशी माहिती ग्राहकांच्या पुरेशा संमतीविना विकली, ती विमा कंपन्यांपर्यंत पोचली, असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) जानेवारी २०२५ मध्ये ठेवला. लोकेशन मात्र चालू आहे, गाडी चोरीला गेली तर तोच आधार. ॲपला वेगळा पिन. सॉफ्टवेअर अपडेट पुढे ढकलत नाही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी धावती जीप इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली होती आणि त्यानंतर चौदा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या.

घरात ठेवलेल्या चावीचा सिग्नल यंत्राने लांबवून चोरांना गाडी उघडता येते, म्हणून घरी चावी स्टीलच्या डब्यात. चावीसकट डबा गाडीच्या दारापाशी नेऊन गाडी उघडते का ते एकदा तपासा, सगळे डबे सारखे अडवत नाहीत. ताम्हिणीत रेंज जाते तेव्हा ॲप निरुपयोगी; चावी बरोबर असू द्याच.

एक गोष्ट अजून अडली आहे. माझ्या त्या दोन महिन्यांच्या फेऱ्या सर्व्हरवर अजून आहेत का, असतील तर पुसा, असं कंपनीला लिहिलंय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती मागण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना तिथून १८ महिन्यांची मुदत. दोन मेलना ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ एवढंच उत्तर आलं. तिसरा मेल सोमवारी केलाय. उत्तर आलं की इथेच लिहीन.