मोठ्या अपडेटनंतर कॉम्प्युटरची बिघडलेली झोप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज ११ चा वर्षातून एकदा येणारा मोठा अपडेट बसला की त्यानंतरच्या आठवड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: "अपडेटने स्लीप बिघडवली." तक्रार खरी असते, पण दुरुस्तीला तिचा काही उपयोग नाही. कारण त्या एका वाक्यात तीन वेगवेगळे दोष दडलेले असतात. यंत्र झोपतच नाही, हा एक. झोपते पण आपोआप उठते, हा दुसरा. आणि झोपते पण उठवले तरी उठत नाही, हा तिसरा. तिघांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की मूळ दोष तसाच राहतो आणि वर सेटिंग विस्कटतात.

पुढचे निरीक्षण दोन यंत्रांवरचे आहे: एक लॅपटॉप आणि एक डेस्कटॉप. या काळात दोन्हींवर एक मोठा अपडेट आणि त्यानंतरचे आठ मासिक अपडेट बसले. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन अक्षरांत टंकायच्या. पॉवरसीएफजी (विंडोजची विजेची सेटिंग तपासायची आणि बदलायची कमांड) हा मधे जागा न सोडता लिहायचा एकच शब्द आहे, आणि कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टंकायची खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेला हवा.

सगळ्यात आधी आपल्या यंत्राची झोप कोणत्या जातीची आहे ते पाहावे. "पॉवरसीएफजी /ए" दिले की यादी येते. यादीत "स्टँडबाय एस३" दिसले तर ती जुनी, गाढ झोप: प्रोसेसरची वीज बंद आणि फक्त रॅमला तिच्यातले टिकवण्यापुरता पुरवठा. "एस० लो पॉवर आयडल" दिसले तर ती मॉडर्न स्टँडबाय. ही विंडोज १० बरोबर २०१५ मध्ये आली आणि आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये हीच असते. तिच्यात यंत्र खऱ्या अर्थाने थांबत नाही. पडदा मालवून, एकेक भाग निजवून ते फोनसारखे पडून राहते. एखाद्या ड्रायव्हरने (यंत्राचा एकेक भाग चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) डुलकी घ्यायचे नाकारले तर बाहेरून झाकण बंद, आत मात्र प्रोसेसर जागा. बॅगेत लॅपटॉप तापतो तो यामुळेच. एस३ मध्ये एकटा ड्रायव्हर असे करू शकत नाही. झोप एकतर लागते किंवा लागत नाही. म्हणूनच त्याच अपडेटचा त्रास दोन यंत्रांवर इतका वेगळा दिसतो.

मॉडर्न स्टँडबाय बंद करून एस३ परत आणण्यासाठी रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यातली, एक नोंद सर्रास सुचवली जाते. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये (निर्मात्याने यंत्रातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) एस३ ठेवलेलेच नसेल तर त्या नोंदीमुळे ते मिळत नाही, उलट होती ती झोपही जाते आणि मेनूतून स्लीप गायब होते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारे यंत्राचे फर्मवेअर) झोपेचा प्रकार निवडायची सोय असेल तरच त्या वाटेला जावे.

बॅटरी रात्रीत संपते या तक्रारीत अंदाजाला जागा ठेवू नये. "पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी" मागच्या तीन दिवसांचा अहवाल तयार करते. "/ड्युरेशन २८" जोडले तर अठ्ठावीस दिवसांपर्यंतचा. कमांड प्रॉम्प्ट ज्या फोल्डरमध्ये उघडा आहे तिथेच ती फाइल जाऊन बसते, आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर तो बहुधा सिस्टम३२ असतो. फाइल सापडत नाही म्हणून कमांड चालली नाही असे समजू नये. दहा मिनिटांपेक्षा छोट्या डुलकीचा तपशील अहवालात येत नाही, त्यामुळे चाचणीसाठी यंत्र निदान अर्धा तास तरी झोपू द्यावे.

अहवालात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, झोपेत वीज किती वेगाने खर्च होते ते, मिलीवॅटमध्ये. ५० वॅट-तासांची बॅटरी धरू. झोपेतला खर्च ५०० मिलीवॅट असेल तर आठ तासांत ४ वॅट-तास, म्हणजे ८ टक्के बॅटरी जाते. तो ३००० मिलीवॅट असेल तर २४ वॅट-तास, म्हणजे ४८ टक्के. सकाळी निम्मी बॅटरी गेलेली दिसली की यंत्र झोपलेच नव्हते असे समजायला हरकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्यात कमी विजेच्या अवस्थेत घालवलेल्या वेळेची टक्केवारी. ती सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर अशा दोन आकड्यांत येते. सॉफ्टवेअरचा आकडा नव्वदीत आणि हार्डवेअरचा शून्याजवळ असेल तर विंडोजने आपले काम केलेले असते. अडून बसलेला असतो तो एखादा भाग किंवा त्याचे फर्मवेअर. अशा वेळी विंडोजच्या सेटिंगमध्ये कितीही फिरले तरी हाती काही लागत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या पानावरून चिपसेट ड्रायव्हर आणि बायोस नवे करावे लागतात. दोन्ही आकडे खाली असतील तर झोपेच्या त्याच सत्राखाली सर्वांत जास्त वेळ जागे राहिलेल्यांची नावे असतात. अपडेटनंतर त्यात वायफाय आणि ऑडिओ ही मंडळी वारंवार दिसली.

वायफायसाठी सर्वांत टिकाऊ ठरलेला उपाय म्हणजे बॅटरीवर असताना झोपेतले नेटवर्क तोडणे. "पॉवरसीएफजी /सेटडीसीव्हॅल्यूइंडेक्स स्कीम_करंट सब_नन कनेक्टिव्हिटीइनस्टँडबाय ०", आणि त्यामागोमाग "पॉवरसीएफजी /सेटॲक्टिव्ह स्कीम_करंट". दुसरी ओळ विसरली तर पहिली लागूच होत नाही. झोपेत मेल उतरणे यामुळे थांबते. झाकण उघडल्यावर वायफाय जोडायला एकदोन सेकंद जास्त लागतात, एवढीच किंमत. आठही मासिक अपडेटमध्ये हे सेटिंग जागचे हलले नाही.

आता न झोपणारे यंत्र. वेळ भरूनही पडदा विझत नसेल किंवा पडदा विझून पंखा फिरत राहत असेल तर "पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स" त्याच क्षणी चालवावे. डिस्प्ले, सिस्टम, अवेमोड अशा मथळ्यांखाली कोण यंत्राला धरून बसले आहे ते दिसते. सगळीकडे "नन" आले तर अडथळा निदान त्या घडीला तरी नाही. ब्राउझरच्या मागच्या टॅबमधला थांबवायचा राहिलेला व्हिडिओ, उघडा ठेवलेला ऑडिओ प्रवाह, आणि घरातल्या दुसऱ्या यंत्राने उघडून ठेवलेला शेअर केलेला फोल्डर, ही नेहमीची तीन कारणे. शेवटचे "एसआरव्हीनेट" या नावाने दिसते. त्याला "/रिक्वेस्ट्सओव्हरराइड" ने दुर्लक्षित करता येते, पण मग मोठी फाइल उतरत असतानाही यंत्र झोपी जाईल. त्यापेक्षा दुसऱ्या यंत्रावरचा फोल्डर बंद करणे बरे.

आपोआप उठण्याचा दोष डेस्कटॉपवर जास्त छळतो. इथे अपडेटचा हात स्पष्ट दिसतो: मोठा अपडेट नवे ड्रायव्हर बसवतो, आणि नव्या ड्रायव्हरबरोबर "या उपकरणाला कॉम्प्युटर उठवू द्या" ही खूण पुन्हा मूळपदावर येते. वर्षभरापूर्वी काढलेली खूण परत आलेली असते आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. "पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड" दिले की कोणाकोणाला उठवायची परवानगी आहे ते कळते. कीबोर्ड राहू द्यावा. माउस काढावा; टेबलाला धक्का लागला तरी तो यंत्र उठवतो. नेटवर्क कार्डाला दुरून यंत्र चालू करण्यासाठी ठेवायचे असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर "फक्त मॅजिक पॅकेट" (यंत्र उठवण्यासाठीच पाठवलेला खास संदेश) ही खूण करावी. नाहीतर राउटरचे साधे संदेशही त्याला उठवायला पुरतात.

शेवटच्या वेळी कोणी उठवले ते "पॉवरसीएफजी /लास्टवेक" सांगते, तेही एस३ वर. मॉडर्न स्टँडबायवर तिचे उत्तर बहुधा रिकामे असते. तिथे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडून कर्नल-पॉवरच्या ५०६ आणि ५०७ या नोंदी पाहाव्यात. ५०६ म्हणजे झोपेत शिरले, ५०७ म्हणजे बाहेर आले, आणि बाहेर येण्याचे कारण त्याच ओळीत असते: झाकण, पॉवर बटण, माउस. एस३ च्या यंत्रावर पॉवर-ट्रबलशूटरची १ क्रमांकाची नोंद तेच काम करते.

ठरावीक वेळी, पहाटे तीन-साडेतीनला वगैरे उठणारे यंत्र उपकरणामुळे नव्हे, टायमरमुळे उठते. "पॉवरसीएफजी /वेकटायमर्स" यंत्र झोपण्याआधी चालवून पाहावे. अपडेट बसवून रीस्टार्ट करायचे काम यात सापडते. टास्क शेड्यूलरमध्ये शिरून ते काम बंद करण्याच्या भानगडीत पडू नये. परवानगी मिळत नाही, आणि मिळवली तरी पुढच्या अपडेटला ते पुन्हा तयार होते. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत यादीत स्लीपखाली "अलाउ वेक टायमर्स" आहे. त्यात "फक्त महत्त्वाचे" हा पर्याय दिसायला शहाणपणाचा वाटतो, पण अपडेटचा रीस्टार्ट महत्त्वाच्यांतच मोडतो. त्यामुळे "डिसेबल"च हवे.

याच्याशीच जोडलेला एक प्रकार हमखास बिघाड समजला जातो: यंत्र उठते आणि दोन मिनिटांत पुन्हा झोपते. हा दोष नाही. टायमरने किंवा नेटवर्कने उठवल्यावर समोर माणूस नाही असे विंडोज धरते, आणि त्या अवस्थेची मुदत मुळात दोन मिनिटांचीच असते. दुरून जोडून मोठे काम चालवायचे असेल तर "पॉवरसीएफजी /सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स स्कीम_करंट सब_स्लीप अनअटेंडस्लीप १८००" देऊन ती अर्ध्या तासावर न्यावी. आकडा सेकंदांत आहे. इथेही मागोमाग सेटॲक्टिव्हची ओळ लागतेच.

तिसरा दोष सगळ्यात वाईट, कारण त्यात न साठवलेले काम जाते. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. घाईने पॉवर बटण दाबून धरायच्या आधी कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज जिवंत आहे आणि फक्त ग्राफिक्स उठलेले नाही. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बीप ऐकू येते आणि बऱ्याचदा पडदा परततो. ही एक युक्ती माहीत असली तरी कितीतरी काम वाचते. असे दोनदा झाले तर डिव्हाइस मॅनेजरमधून ग्राफिक्सचा आधीचा ड्रायव्हर परत आणावा. ते बटण फिके असेल तर आधीची प्रत शिल्लक नाही, आणि निर्मात्याची जुनी आवृत्ती हाताने बसवावी लागते.

कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल तर बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर नाही. पुन्हा चालू झाल्यावर कर्नल-पॉवरची ४१ ही नोंद उघडून तपशिलात बगचेक कोड, म्हणजे विंडोज कोलमडण्याच्या कारणाचा क्रमांक, पाहावा. तो दशमान पद्धतीत असतो. १५९ असेल तर झोपेतून उठताना एखाद्या ड्रायव्हरने वेळेत उत्तर दिलेले नाही. शून्य असेल तर विंडोजला कारण लिहून ठेवायलाही वेळ मिळालेला नाही, आणि मग संशय फर्मवेअर व रॅमकडे वळवावा. डेस्कटॉपवर रॅम एक्सएमपीच्या वाढीव वेगावर चालत असेल तर तो वेग काढून मूळ वेगावर आठवडाभर पाहावे. दिवसभर बिनतक्रार चालणारी रॅम एस३ मधून उठताना मात्र अडखळू शकते.

फास्ट स्टार्टअपबद्दल मत पक्के आहे: एसएसडी असलेल्या यंत्रावर ते बंदच असावे. ते चालू असताना शट डाउन केले तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत येतो, अडकलेल्या ड्रायव्हरसकट. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते. मोठ्या अपडेटनंतर ही खूण पुन्हा आलेली आढळली, तेव्हा पाहून घ्यावे. मात्र ती काढायला "पॉवरसीएफजी /एच ऑफ" वापरू नये. त्याने फास्ट स्टार्टअपबरोबर हायबरनेटही (रॅममधले सगळे डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद करणे) जाते, आणि लॅपटॉपला हायबरनेटची गरज आहे.

कारण बॅगेत जाणाऱ्या लॅपटॉपसाठी आठ महिन्यांत एकदाही दगा न दिलेली व्यवस्था तीच: टेबलावर असताना स्लीप, आणि बॅटरीवर ३० मिनिटे उलटली की हायबरनेट. "पॉवरसीएफजी /चेंज हायबरनेट-टाइमआउट-डीसी ३०". लगेच प्रवासाला निघायचे असेल तर झाकण लावण्याऐवजी मेनूतून थेट हायबरनेट द्यावे. तो पर्याय पॉवर बटणांच्या पानावर खूण करून दाखवावा लागतो. हायबरनेटच्या फाइलला मुळात रॅमच्या ४० टक्के जागा लागते, म्हणजे १६ जीबी रॅमला सुमारे साडेसहा जीबी. एसएसडी झिजेल ही भीती हिशेबात टिकत नाही: दिवसातून तीनदा, दर वेळी पाच जीबी लिहिले तरी वर्षाला साडेपाच टीबी होतात, आणि ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींची हमीतली लिहिण्याची मर्यादा ३०० टीबीच्या आसपास असते.

काहीच लागू पडले नाही तर मोठ्या अपडेटच्या आधीच्या आवृत्तीवर परत जाता येते, पण फक्त दहा दिवसांत. दोष नेमका कोणता हे ओळखायला दहा दिवस पुरत नाहीत. म्हणून अपडेट बसल्याच्या दिवशीच "डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३०" देऊन मुदत तीस दिवसांवर न्यावी, कमाल साठ. दहा दिवस उलटल्यावर ही कमांड देऊन उपयोग नाही, जुन्या फाइली तोवर पुसल्या गेलेल्या असतात.

बाहेरच्या मॉनिटरचा एक त्रास अजून पूर्ण सुटलेला नाही. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर झोपला की विंडोजला तो काढून टाकल्यासारखा वाटतो, आणि उठल्यावर सगळ्या खिडक्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या असतात. सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली "मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवा" ही खूण असू द्यावी, आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डीप स्लीप असेल तर ते बंद करावे. त्यानंतर खिडक्या बहुतेक वेळा जागेवर येतात. डॉकमधून (लॅपटॉपला एका केबलने मॉनिटर वगैरे जोडणारी पेटी) जोडलेला मॉनिटर मात्र अधूनमधून रुसतो. डॉकचे फर्मवेअर नवे केल्यावर ते कमी झाले, थांबले नाही.