गॅलियमचे ३० अणू की ३१?

गॅलियमचा तुकडा तळहातावर ठेवला की विरघळतो, कारण तो साधारण ३० अंश सेल्सिअसलाच वितळतो. मात्र याच धातूचे मोजके अणू एकत्र आले की ते त्याहून कितीतरी तापवले तरी घनच राहतात. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात हे २००३ साली दिसलं. मला त्याहून विलक्षण वाटते ती ३० आणि ३१ अणूंच्या पुंजक्यांची जोडी.

३१ अणूंचा पुंजका तापवताना त्याच्या उष्माधारकतेच्या, म्हणजे तापमान एका अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेच्या, आलेखात ठळक शिखर येतं. ती जास्तीची उष्णता वितळण्यात खर्च होते, म्हणजे तो खऱ्या अर्थाने वितळतो. ३० अणूंचा पुंजका? शिखर जवळपास नाहीच. घनातून द्रवात तो कधी गेला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. फरक फक्त एका अणूचा!

कारण शोधलं पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी, संगणकीय गणितांतून. ३१ मध्ये बरेचसे अणू सारख्याच ताकदीने बांधलेले असतात, म्हणून ते जवळजवळ एकदमच सुटतात. ३० ची रचना विस्कळीत. कुणी घट्ट, कुणी सैल, त्यामुळे प्रत्येक अणू आपापल्या वेळी हलू लागतो. वितळणं शिकवायचं तर मी ३१ घेईन, पण विचार करायला लावतो तो ३०च.