दुकानाच्या संगणकावर काय ठेवायचं: विंडोजमधली सोय की वेगळं छोटं ॲप?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम सुरू झाला की आडत दुकानातल्या दिवाणजींचा हात दिवसभर त्याच चार कामांत अडकतो. पार्टीचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक इकडून उचलून तिकडे चिकटवायचा, मागच्या वर्षीची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, शोधायची, तोच पत्ता आणि तोच मजकूर पुन्हा टाइप करायचा, आणि शेतकऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले कागद एका पीडीएफमध्ये जोडायचे. यार्डातल्या आणि गणपती पेठेतल्या काही दुकानांचे हिशेब मी बरीच वर्षं लिहितो. या चारही कामांसाठी फुकट मिळणारी छोटी ॲप्स आहेत आणि त्यातल्या बऱ्याच कामांची थोडीफार सोय विंडोजमध्ये आधीच असते. मग वेगळं ॲप कधी घ्यायचं?

मी दोन गोष्टी बघतो. लाईट जाऊन मशीन बंद पडलं तर काय उरतं, आणि त्या खुर्चीवर दिवसभरात किती जण बसतात.

कॉपी केलेलं लक्षात ठेवायला: विंडोज-व्ही की डिट्टो

विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते. पहिल्या वेळी ती चालू करावी लागते, एवढंच. तिच्यात २५ नोंदी राहतात. मजकूर आणि चित्रं चालतात, फाईल चालत नाही. मशीन रिस्टार्ट झालं की पिन केलेल्या नोंदी तेवढ्या राहतात, बाकीच्या जातात.

एका महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीचं थ्री-बी विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी लाईट गेली आणि यूपीएस दोन मिनिटांत बंद पडला. यादीत वीसेक पार्ट्यांचे क्रमांक होते, सगळे गेले. त्याच आठवड्यात मी डिट्टो बसवलं. ते कॉपी केलेलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतं, त्यामुळे मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं तरी यादी जशीच्या तशी असते. कंट्रोल आणि एस्केपच्या खालचं बटण दाबायचं, क्रमांकातली तीन-चार अक्षरं टाकायची, की महिन्यापूर्वी कॉपी केलेला क्रमांकही समोर येतो. हंगामात यानं माझा किती वेळ वाचतो ते मला रोज जाणवतं.

पण जे डिस्कवर राहतं ते पुढच्या माणसालाही दिसतं. बँकेचा पासवर्ड कॉपी केला की तोही यादीत जातो. विंडोज-व्हीच्या यादीतही जातो, फक्त तिथून तो रिस्टार्टनंतर निघून जातो. डिट्टोमध्ये ठरावीक प्रोग्राममधलं कॉपी नोंदवू नको असं सांगता येतं, आणि किती दिवसांनी जुनी नोंद पुसायची हेही ठरवता येतं. बसवल्याबरोबर हे दोन्ही करा. एकटेच बसत असाल तर डिट्टो घ्या. मालक, दिवाणजी आणि मालकांचा मुलगा एकाच लॉगिनवर बसत असतील तर विंडोज-व्हीवरच थांबा, नाहीतर आधी प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करा; मग डिट्टोची यादीही ज्याची त्याची राहते.

फाईल शोधायला: विंडोजचा शोध की एव्हरीथिंग

इथे मला फारसा विचार करावा लागत नाही. विंडोजचा शोध मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशा फोल्डरांची सूची बनवून ठेवतो. आपल्याकडे हिशेब असतो डी ड्राइव्हवर. तो सूचीत नसतो, म्हणून शोध रेंगाळतो. एव्हरीथिंग हे ॲप डिस्कच्या एनटीएफएस रचनेत असलेली फाईलींची मूळ नोंदवहीच वाचतं. १० लाख फाईलींना ते साधारण ७५ एमबी मेमरी घेतं, म्हणजे ४ जीबीच्या जुन्या मशीनवरही भार वाटत नाही. नाव टाइप करता करता यादी गाळली जाते. पाटलांची फाईल कुणी इंग्रजीत सेव्ह केली आणि कुणी मराठीत, तर दोन्ही नावं मध्ये उभी रेघ देऊन टाका. दोन्ही एकदम सापडतात.

फाईलच्या आतला मजकूर शोधायचा असेल तर मात्र विंडोजची सूचीच बरी. तिच्या सेटिंगमध्ये डी ड्राइव्हवरचा हिशेबाचा फोल्डर जोडून द्या. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं पत्र मात्र दोन्हीकडे सापडत नाही. पडद्यावर ‘हळद’ दिसत असलं तरी फाईलमध्ये इंग्रजी कळांची अक्षरं साठलेली असतात. नवं लेखन तरी युनिकोडमध्येच, म्हणजे फाईलमध्ये खरी देवनागरी अक्षरं साठतात त्या पद्धतीनंच करा. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे.

एक सावधगिरी, अनेक जण बसतात त्या मशीनसाठी. एव्हरीथिंग दुसऱ्याच्या लॉगिनमधल्या फाईलींची नावंही दाखवू शकतं. फाईल उघडणार नाही, पण नाव वाचता येईल.

तोच मजकूर पुन्हा लिहायला: ऑटोहॉटकी की एस्पान्सो

सगळं काम वर्डमध्येच असेल तर त्यातलं ऑटोकरेक्ट पुरेसं आहे. पण ते ब्राउझरमध्ये चालत नाही, आणि आपलं निम्मं काम पोर्टलवर असतं.

ऑटोहॉटकीत दोन कोलन, आपला संक्षेप, पुन्हा दोन कोलन आणि पुढे पूर्ण मजकूर, एवढी एक ओळ लिहिली की झालं; मग संक्षेप टाइप केला की पूर्ण मजकूर उमटतो. मी बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे पत्ते असेच ठेवले आहेत. दुसरी आवृत्तीच घ्या. पहिल्या आवृत्तीत फाईल योग्य पद्धतीनं सेव्ह केली नाही तर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. दुसरी आवृत्ती फाईल मुळातच युनिकोड धरून वाचते. एस्पान्सो विंडोजबरोबर मॅक आणि लिनक्सवरही चालतं आणि आजची तारीख टाकायची सोय त्यात तयारच मिळते. मात्र त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. एक जागा चुकली की ती फाईल वाचलीच जात नाही, आणि शिकाऊ माणूस तिथेच अडकतो. फक्त विंडोज वापरणाऱ्या दुकानाला मी ऑटोहॉटकी सांगेन. संक्षेप इंग्रजी अक्षरांत ठेवा, टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर असू द्या, आणि यादी छापून मॉनिटरशेजारी चिकटवा, म्हणजे दुसऱ्यालाही वापरता येईल.

मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे अशा अनेक सोयींचं गाठोडं आहे. नाव विंडोज ९५ च्या काळातलं, पण २०१९ मध्ये ते ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला ठेवून, नव्यानं सुरू झालं. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामच्या वर कॅल्क्युलेटर कायम दिसत ठेवणं आणि एकदम शंभर फाईलींची नावं बदलणं, या दोन गोष्टींसाठी ते मला आवडतं. ८ जीबी मेमरी असेल तर घ्या आणि नको त्या सोयी बंद ठेवा. ४ जीबीच्या मशीनवर मी ते टाकत नाही.

पीडीएफ जोडायला: वेबसाइट की मशीनवरचं ॲप

इथे मी आग्रह धरतो. शेतकऱ्याचं आधार, पॅन, सातबारा, बँकेच्या पासबुकाचं पान, हे कागद तो आपल्यावर भरवसा ठेवून पाठवतो. ते जोडण्यासाठी किंवा लहान करण्यासाठी कुठल्यातरी वेबसाइटवर चढवले की ते आपल्या मशीनबाहेर गेले. हेच काम मशीनवर होतं, इंटरनेट बंद असतानाही.

पीडीएफसॅम बेसिक ओपन सोर्स आहे. जोडणं, तोडणं, पान फिरवणं ते नीट करतं, पण फाईलचा आकार कमी करणं त्याच्या फुकट आवृत्तीत नाही. पोर्टलवर आकाराची मर्यादा आली की हीच अडचण येते. म्हणून दुकानांत मी पीडीएफ२४ क्रिएटर बसवतो. ते फुकट आहे, विंडोजवरच चालतं, आणि जोडण्याबरोबर आकारही कमी करतं. याच नावाची वेबसाइटही आहे, तेव्हा डाउनलोड करून बसवायचं ते घ्या आणि चिन्ह डेस्कटॉपवर ठेवा, म्हणजे घाईत कुणी ब्राउझर उघडणार नाही.

कागद पोर्टलवर गेल्यावर एव्हरीथिंग उघडा, शेतकऱ्याचं नाव टाका. डाउनलोड्समध्ये, डेस्कटॉपवर, त्याच आधारच्या तीन-चार प्रती पडलेल्या सापडतील. ठेवायची ती एक पार्टीच्या फोल्डरमध्ये हलवा, बाकीच्या पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.