सह्याद्रीतल्या पावसासाठी कोणता ग्रिड डेटा घ्यावा? आयएमडी, इमर्ग, चर्प्स आणि एरा५

घाटमाथ्यावरच्या एखाद्या पाणलोटाचा अभ्यास हाती घेतलात, तर पावसाचे आकडे कुठून घ्यायचे हे आधी ठरवा. सह्याद्रीत ही निवड चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. सरळ रेषेत जेमतेम १५ किलोमीटरवर असलेल्या पाचगणीत तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की हजाराच्या आत. आयएमडीच्या (भारतीय हवामान विभागाच्या) ०.२५ अंशाच्या ग्रिडमध्ये, म्हणजे नकाशावर चौकोन आखून प्रत्येकाला पावसाचा एक आकडा देणाऱ्या डेटात, एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा असतो, त्यामुळे महाबळेश्वर आणि पाचगणी एकाच चौकोनात बसतात. त्या चौकोनाचा आकडा दोन्हीपैकी कुठल्याच गावाचा नसतो.

तरीही हंगामी बेरजेसाठी मी आयएमडीच पहिला धरेन. १९०१ पासूनची रोजची मालिका आहे आणि ती ६,९५५ केंद्रांवर प्रत्यक्ष मोजलेल्या पावसावर उभी आहे. ही सगळी केंद्रं सगळ्या वर्षांत चालू नव्हती, त्यामुळे घाटातल्या एखाद्या चौकोनात पाऊस वाढला की घटला हे सांगण्याआधी तिथली केंद्रं कधी सुरू झाली, कधी बंद पडली ते बघावंच लागतं. शिवाय केंद्रांमधले आकडे मुख्यतः अंतर पाहून भरले जातात, म्हणून कड्यावरचा पाऊस पूर्वेकडच्या कोरड्या भागात सांडतो.

इमर्ग हा नासाचा उपग्रहांवरून काढलेला डेटा: ०.१ अंशाचा, दर अर्ध्या तासाचा, १९९८ पासूनचा. पाऊस किती वाजता वाढला, कुठून कुठे सरकला हे बघायला तो चांगला. पण घाटातली संततधार बऱ्याचदा बुटक्या ढगांतून पडते. उपग्रहावरचे मायक्रोवेव्ह सेन्सर जमिनीवरचा पाऊस ओळखतात तो मुख्यतः ढगातल्या बर्फकणांवरून, आणि या ढगांत ते फारसे नसतात. त्यामुळे नेमका घाटमाथ्यावर आकडा कमी येतो. घ्यायचाच तर त्याची ‘फायनल’ आवृत्ती घ्या. तो काही महिने उशिरा येतो, पण पर्जन्यमापकांच्या मासिक आकड्यांशी जुळवलेला असतो.

चर्प्स हा उपग्रह आणि पर्जन्यमापक एकत्र करून केलेला डेटा ०.०५ अंशाचा आहे म्हणून लोक त्याकडे ओढले जातात. तो ढगमाथ्याच्या तापमानावर चालतो, त्यामुळे बुटक्या ढगांची अडचण इथेही आहेच. त्याचे रोजचे आकडे पाच दिवसांची बेरीज वाटून काढलेले असतात, म्हणून पुराच्या कामाला तो नको. माण-खटावच्या दुष्काळाचा महिनावार अभ्यास असेल तर जरूर वापरा.

एरा५ या युरोपीय हवामान केंद्राच्या डेटामध्ये १९४० पासून तासातासाचा पाऊस मिळतो, पण तो मॉडेलने काढलेला. भारतातल्या पर्जन्यमापकांचे आकडे त्यात घेतलेले नाहीत. ३१ किलोमीटरच्या मॉडेलमध्ये सह्याद्रीची भिंत बोथट होते आणि पावसाचं शिखरही. एरा५-लँडचा ९ किलोमीटरचा ग्रिड पाहून हुरळून जाऊ नका. त्यातला पाऊस हा एरा५चाच पाऊस बारीक चौकोनांत बसवलेला असतो, डोंगराची नवी माहिती त्यात नसते.

मग खरं-खोटं करायचं कसं? आयएमडीचा ग्रिड आयएमडीच्याच केंद्रांवर तपासला तर तो पास होणारच. मला सगळ्यात भरवशाचा साक्षीदार वाटतो तो धरणात येणारा येवा. कोयनेचं पाणलोट सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आणि धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). तेवढं पाणी त्या क्षेत्रावर पसरलं तर थर सुमारे ३,३४० मिलिमीटरचा होतो. म्हणजे एखाद्या हंगामात १०५ टीएमसी येवा झाला असेल आणि तुमचा डेटा पाणलोटावर सरासरी २,५०० मिलिमीटर दाखवत असेल, तर तो निश्चित कमी दाखवतोय. बाष्पीभवन आणि जमिनीत मुरलेलं पाणी धरलं तर तफावत आणखी वाढते. ही तपासणी दरवर्षीच्या येव्यावर करा, एकाच वर्षावर नको.

रोजचे आकडे ताडून बघताना वेळही जुळवावी लागते. आयएमडीचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो आणि आदल्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेला लागतो. इमर्ग आणि एरा५ यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) चालतात, म्हणून त्यांची बेरीज ०३ ते ०३ यूटीसी अशी करा. ती न करता काढलेला सहसंबंध कमी आला, तर तो दोष डेटाचा धरू नका.